घर तेच, सरकारं तीन: फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं प्रकरण

पुण्याच्या हडपसरपलीकडे फुरसुंगीत राहणाऱ्या एका परिचितांनी मध्यंतरी घराची फाइल माझ्यासमोर उघडली. सगळ्यात खाली ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती होती. कार्बन पेपर लावून फाडलेली, निळ्या पेनाने भरलेली, त्यात दिवाबत्ती आणि आरोग्य असे दोन-तीन रकाने. तिच्यावर पुणे महापालिकेचं छापील बिल: सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन कर, वृक्षसंवर्धन कर, जललाभ कर, जलनिःसारण लाभ कर, शिक्षणकर, रोजगार हमी कर. यादी वाचतानाच दमायला होतं. आणि सगळ्यात वर नगरपरिषदेचा कागद. तिन्हींवर फ्लॅट नंबर एकच, नाव एकच. पंधरा वर्षांत हे गृहस्थ घर बदलून कुठेही गेलेले नाहीत. दारावरचं सरकार मात्र दोनदा बदललं.

कुठे राहावं हा प्रश्न आपण साधारणपणे आपल्या हातातला मानतो. बजेट, ऑफिसचं अंतर, शाळा, पाणी आणि घरपट्टी बघून माणूस जागा निवडतो. अर्थशास्त्रात याची एक जुनी मांडणी आहे, १९५६ सालची. वेगवेगळ्या स्थानिक संस्था वेगवेगळे कर घेतात, वेगवेगळ्या सोयी देतात, आणि ज्याला जे परवडतं-आवडतं तो तिथे जाऊन राहतो. नाही पटलं तर बाडबिस्तरा उचलतो. त्यामुळे स्थानिक सरकारांवर आपोआप वचक राहतो, असा तो हिशेब. यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे: माणूस हलतो, हद्द हलत नाही. फुरसुंगी आणि शेजारच्या उरुळी देवाचीत नेमकं उलटं झालं: माणसं जागेवरच राहिली, गावं आधी पुणे महापालिकेत गेली आणि मग तिच्यातून बाहेर आली.

हडपसरच्या गाडीतळावरून सासवड रस्त्याला लागलं की भेकराईनगर येतं, पुढे मंतरवाडीचा चौक, मग उरुळी देवाची, आणि समोर दिवे घाट. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातून सासवडला जाते ती याच रस्त्याने. शेती होती, मुठा उजव्या कालव्याचं पाणी होतं. मग हडपसर वाढलं, आयटी पार्क आलं, मंतरवाडीच्या आसपास गोदामं आणि कापडाची घाऊक दुकानं उभी राहिली. फ्लॅट स्वस्त होते. हडपसरच्या अलीकडे जे बजेटमध्ये बसत नव्हतं ते इथे बसायचं. बिल्डरांची माणसं सांगायची की गाव आज ना उद्या महापालिकेत जाणार, तेव्हा भाव वाढेल, आत्ताच घ्या. घेणाऱ्यांच्या डोक्यात त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम असायच्या: आज ग्रामपंचायतीची घरपट्टी, उद्या महापालिकेचं पाणी.

शहराशी या गावांचं नातं मात्र हद्दीत जाण्याच्या कितीतरी आधी जुळलं होतं, आणि ते कचऱ्याचं होतं. पुणे शहराचा कचरा उरुळी-फुरसुंगीच्या डेपोत यायचा. १६३ एकरांचा हा डेपो. वास, धूर, माश्या, विहिरींचं नासलेलं पाणी, टँकर, कचऱ्याच्या गाड्या अडवणं, आश्वासन, पुन्हा गाड्या अडवणं, हे चक्र गावाने वर्षानुवर्षं पाहिलं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या बंद केल्या आणि पुण्यात तीनेक आठवडे कचरा साठून राहिला. तेव्हा ही दोन्ही गावं महापालिकेत नव्हती. ज्या महापालिकेचा कचरा ते सोसत होते, तिच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. या प्रकरणातली ही पहिली गाठ. गावाला त्रास देणारी संस्था एक, गाव ज्यांना निवडून देतं ते भलतेच.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ११ गावं महापालिकेत घेतली गेली. यादीत उंड्री, धायरी, शिवणे, आंबेगाव बुद्रुक आणि खुर्द होती, लोहगाव, मुंढवा आणि हडपसर यांचे उरलेले भाग होते, आणि ही दोन गावंही होती. यादीतल्या काही नावांपुढे कंसात ‘उर्वरित’ असा शब्द आहे. त्या एका शब्दात पुण्याच्या हद्दीचा सगळा इतिहास आहे. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत आली होती. विरोध झाला, राजकारण झालं, आणि २००१ मध्ये त्यातली १५ गावं पूर्ण आणि ५ गावं अर्धी बाहेर काढली गेली. एकाच गावाचा एक वाडा शहरात आणि समोरचा वाडा ग्रामपंचायतीत, असं चित्र तेव्हापासूनचं. मे २०१४ मध्ये पुन्हा ३४ गावांची प्रारूप अधिसूचना निघाली. मग तीन वर्षं काही हललं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हा सरकारने सांगितलं की ११ आधी घेतो, बाकीची टप्प्याटप्प्याने.

हद्द ठरवतं कोण, हे इथे नीट पाहायला हवं, कारण गावात याबद्दल बराच गैरसमज आहे. कुणी म्हणतं महापालिकेने गाव गिळलं, कुणी म्हणतं ग्रामसभेने ठराव केला असता तर वाचलो असतो. दोन्ही खरं नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांना घटनेत जागा मिळाली, १८ विषयांची यादी मिळाली. पण कोणतं क्षेत्र ग्रामीण, कोणतं नागरी, हे लोकसंख्या, घनता, महसूल वगैरे पाहून राज्याने अधिसूचनेने ठरवायचं, हेही त्याच दुरुस्तीत लिहिलं आहे. राज्याच्या महापालिका अधिनियमात कलम ३ आहे. त्यानुसार राज्य सरकार महापालिकेशी विचारविनिमय करून हद्द वाढवू किंवा घटवू शकतं. प्रारूप निघतं, हरकती-सूचना मागवतात, मग अंतिम अधिसूचना निघते. हरकत नोंदवता येते, नकार देता येत नाही. ग्रामसभेचा ठराव सरकारने वाचावा अशी अपेक्षा आहे, मानावा अशी सक्ती नाही. सार्वमत तर कुठेच नाही.

महापालिकेत गेल्यावर घरपट्टी एका रात्रीत वाढत नाही. कायद्यातच पायऱ्या आहेत. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर, मग दरवर्षी साधारण २० टक्क्यांची पायरी चढत पूर्ण दर. फ्लॅटवाल्याला ही चढण जाणवते, पण ती सहन होते. त्याला त्या बदल्यात पीएमपीची बस, रस्ता, पाण्याची लाइन हवी असते. गोदामवाल्याचं, दुकानवाल्याचं तसं नाही. मोठं क्षेत्रफळ, बिगरनिवासी दर, आणि बांधकामाला रीतसर परवानगी नसेल तर वर शास्तीकर. ग्रामपंचायतीच्या काळात बांधलेल्या अनेक शेड्सची कागदपत्रं कशी असतील हे हवेली तालुक्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जमीन विकून गोदाम बांधलेल्या आणि त्याच्या भाड्यावर घर चालणाऱ्या कुटुंबाच्या हातात जेव्हा ते बिल पडलं, तेव्हा गावं महापालिकेतून बाहेर काढा म्हणून झालेलं आंदोलन ‘कर परवडत नाही’ एवढ्यावर थांबलं नाही. पाणी टँकरचं, रस्ता खड्ड्यांचा, कचरा तुमचा, आणि बिल शहराचं, असा तो सूर होता. मला तो रास्त वाटतो.

पण माझे परिचित या आंदोलनात नव्हते. त्यांच्या सोसायटीतले बहुतेक लोक नव्हते. त्यांना महापालिका हवी होती. एकाच गावात दोन प्रकारचे लोक राहतात आणि दोघांची निवड वेगळी आहे, ही गोष्ट ‘गावकऱ्यांची मागणी’ या शब्दांमागे सहज लपते. बाहेरून येऊन फ्लॅट घेतलेल्याने तिथली करव्यवस्था आणि येऊ घातलेली महापालिका बघून जागा निवडली होती. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने काहीच निवडलं नव्हतं, शहर त्याच्या दारात आलं होतं. दोघांनाही मतदानातून कौल देता आला असता तर निदान कुणाची बाजू किती मोठी आहे ते कळलं असतं. तशी वेळ आली नाही. ११ गावांना मिळून महापालिकेत दोन नगरसेवक मिळाले, तेही पोटनिवडणुकीतून, जून २०१९ मध्ये. लोहगाव विमानतळाच्या बाजूला, धायरी सिंहगड रस्त्याला, उरुळी दिवे घाटाच्या पायथ्याशी. शहराच्या तीन टोकांना पसरलेली गावं आणि दोन माणसं. १४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले.

आणि मग ६ डिसेंबर २०२२. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ही दोन गावं महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय जाहीर केला. नगरविकास खातंही त्यांच्याकडेच होतं. मागणी लावून धरली होती माजी मंत्री विजय शिवतारे यांनी. दोन्ही गावं हवेली तालुक्यात असली तरी विधानसभेला पुरंदर मतदारसंघात येतात. शिवतारे तिथले माजी आमदार होते, २०१९ ला हरले होते. कलम ३ प्रमाणे महापालिकेचं मत घ्यायला हवं. महापालिकेत तेव्हा निवडून आलेलं कुणी नव्हतं, सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासक वापरत होते, आणि प्रशासक म्हणजे राज्य सरकारने नेमलेले आयुक्त. राज्याने विचारलं, राज्याच्याच अधिकाऱ्याने होकार दिला, आणि विचारविनिमय पूर्ण झाला. कायद्याचं अक्षर पाळलं गेलं. पण ज्या महापालिकेने या गावांत टीपी स्कीम (नगररचना योजना) आखल्या, रस्ते आणि पाणी यांच्यावर खर्च केला, तिच्या नगरसेवकांना, अगदी विरोधात हात वर करायलाही, सभागृहच नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये प्रारूप अधिसूचना निघाली. कोर्टबाजी झाली. अंतिम अधिसूचना ११ सप्टेंबर २०२४ ला निघाली, म्हणजे विधानसभा निवडणुकीच्या दोन-सव्वादोन महिने आधी. नोव्हेंबरात शिवतारे पुरंदरमधून निवडून आले. निवडणुकीचं श्रेय एका अधिसूचनेला द्यावं इतका मी भाबडा नाही, पण तारखा डोळ्यांआड करण्याइतकाही नाही.

डेपोची जागा मात्र महापालिकेने आपल्याकडे ठेवली. गावं बाहेर, कचऱ्याची जमीन आत. ज्या गोष्टीवरून भांडण सुरू झालं तिच्यापुरती गाव आणि शहर यांची पुन्हा २०१७ पूर्वीसारखीच स्थिती झाली: डेपो चालवणारी संस्था वेगळी, आणि त्याच्या शेजारी राहणारे मतदार वेगळ्या संस्थेचे. घरपट्टीपेक्षा मला हा मुद्दा जड वाटतो. गोदामाचा कर कमी होईल, पण डेपोबद्दल जाब विचारायचा तर आता नगराध्यक्षाने आयुक्तांना पत्र लिहायचं आणि पोचपावती जपून ठेवायची.

नगरपरिषदेतही सुरुवातीला प्रशासकच होते. पहिली निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. एक हिशेब करून पाहिला. ऑक्टोबर २०१७ ला ग्रामपंचायत गेली तेव्हापासून डिसेंबर २०२५ पर्यंत सव्वाआठ वर्षं होतात. त्यात या गावांना आपल्या स्थानिक संस्थेत निवडून दिलेला माणूस होता तो जून २०१९ ते मार्च २०२२, पावणेतीन वर्षं. तोही नऊ इतर गावांबरोबर वाटून घेतलेला. बाकी साडेपाच वर्षं गावाने निवडून दिलेलं तिथे कुणी नव्हतं.

म्हणून या निर्णयाला कुणी ‘स्थानिक स्वायत्ततेचा विजय’ म्हटलं की मला ते पटत नाही. गावाला बाहेर पडायचा अधिकार मिळाला नाही. ज्याच्या हातात आत घेण्याचा अधिकार होता त्याने बाहेर सोडलं, इतकंच. उद्या तोच पुन्हा आत घेऊ शकतो.

दिल्लीचा हात यात कुठे आहे? वरवर पाहता नाही, कारण स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्याच्या यादीतला विषय. पण मुंबईच्या मंत्रालयात हद्दीचा नकाशा काढला जातो तेव्हा त्या नकाशावर पैशाची जी गरज दाबून बसलेली असते, तिची बरीचशी मुळं दिल्लीतच आहेत. जकात हा पुणे महापालिकेचा मुख्य आधार होता. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही पुढे आटला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. त्यानंतर शहराला स्वतःच्या हिकमतीवर वाढवता येतील असे दोनच मोठे मार्ग उरले: मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. दोन्ही जमिनीवर अवलंबून. बाकी जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे बघायचं. अशा संस्थेला शेजारची बांधकामं वाढलेली गावं कशी दिसतील? १५व्या वित्त आयोगाने तर शहरी संस्थांच्या अनुदानाला अटच घातली की राज्याने मिळकतकराचे किमान दर ठरवावेत आणि वसुली वाढत राहावी. त्या आयोगाच्या मुदतीत, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, गाव कोणत्याही नगरपरिषदेत गेलं तरी ही अट मागे यायचीच. त्यामुळे ‘महापालिका गेली, कर गेला’ असं ज्यांनी मनात धरलं असेल त्यांनी थोडं थांबावं.

आणि राज्य-महापालिका संबंधांचा एक नमुना शहराच्या आतल्या माणसालाही माहीत आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत देत होती. ठराव महापालिकेचा, पैसा महापालिकेचा. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि पुढे राज्याने तो ठराव विखंडित, म्हणजे रद्द केला. काहींना मागच्या फरकाची बिलं आली, शहरभर ओरड झाली, आणि २०२३ मध्ये राज्यानेच ती सवलत परत दिली. मग पीटी-३ नावाचा अर्ज भरायला क्षेत्रीय कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. स्वतःच्या घरात स्वतःच राहतो याचा पुरावा म्हणून लोक लाइट बिल, रेशनकार्ड घेऊन उभे होते. सवलत महापालिकेची होती, काढणाराही राज्य, देणाराही राज्य.

जी गावं आत राहिली त्यांचं काय झालं, हे पाहिल्याशिवाय तोल येत नाही. ३० जून २०२१ ला आणखी २३ गावं महापालिकेत आली: वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला आणि इतर. पुणे महापालिका क्षेत्रफळाने ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, मुंबईहून मोठी. पंधरा दिवसांत राज्याने दुसरा आदेश काढला: या २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. म्हणजे बांधकाम परवानगी आणि तिचं शुल्क एकाकडे, त्या इमारतींना पाणी, ड्रेनेज, रस्ता देण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे. असा कारभार घरात कुणी केला तर त्याला वेड्यात काढतील. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, खडकवासला ही नावं रोज बातम्यांत होती. नांदेडच्या विहिरीतून येणारं पाणी क्लोरीन टाकून पुरवलं जात होतं, शुद्धीकरण केंद्रातून नाही, हे राज्यभर तेव्हा कळलं. ज्या धरणातून बहुतेक पुणे पाणी पितं त्याच्या पायथ्याची ही गावं. महापालिकेत येऊन त्यांना साडेतीन वर्षं झाली होती, आणि या गावांनी स्वतः निवडून दिलेला एकही नगरसेवक महापालिकेत नव्हता. तो जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नव्हताच.

त्यामुळे फुरसुंगीच्या माणसाला ‘आत राहिला असतास तर सुखी झाला असतास’ असंही मला म्हणवत नाही.

परिचितांच्या मुलीला आता घर घ्यायचं आहे. मांजरी आणि वाघोली, दोन्हीकडे ती दोघं फिरून आली. काय बघायचं असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी कर किती हे सर्वात शेवटी विचारा म्हटलं. आधी भोगवटा प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं आहे ते बघा, महापालिकेच्या की पीएमआरडीएच्या. पाणी नळाचं की टँकरचं हे सेल्स ऑफिसला न विचारता आधीच्या फेजमध्ये राहायला आलेल्यांना विचारा, आणि सोसायटीच्या हिशेबात टँकरवर महिन्याला किती जातात ते बघा. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, चालतो का, की नुसता बांधून ठेवलाय. समोरचा रस्ता विकास आराखड्यातला की बिल्डरने मुरूम टाकून केलेला. आणि वॉर्ड कुठला, नगरसेवक कोण, त्याचं ऑफिस कुठे. या शेवटच्या प्रश्नावर मुलगी हसली. घर घेताना नगरसेवकाचा पत्ता कोण विचारतं?

हडपसरसाठी वेगळी महापालिका करावी, ही मागणी पूर्वेकडच्या भागात अधूनमधून डोकं वर काढतेच. मांजरीच्या साइटवर सेल्समन सांगत होता, “काका, इथे पूर्ण पीएमसी आहे, काही टेन्शनच नाही.” काकांनी विचारलं, “किती वर्षांसाठी?” त्याने हसून पार्किंगचा रेट सांगायला घेतला.